खुणा जुळतात तेव्हा

मराठीत 'बसवणे' या क्रियापदाचा संसार मोठा आहे. नाटक बसवतात, गाण्याला चाल बसवतात, भाद्रपदात गणपती बसवतात आणि गॅरेजात मिस्त्री टायमिंग बसवतात. पहिल्या तिन्हींची दखल आम्ही साहित्याची माणसे आवडीने घेतो. चौथ्याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. ते जावे असे आम्हांस वाटते. अर्थनिर्णयाचा जो प्रश्न वर्गात वारंवार उभा राहतो, त्याची एक नितळ मांडणी आम्हांला तिथे दिसली.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक पुरा होतो. क्रँक पिस्टनशी बांधलेला. कॅम झडपा उघडणारा. दोघांमध्ये दातेरी बेल्ट किंवा चेन असते. कोणत्या क्षणी झडप उघडावी आणि कोणत्या क्षणी मिटावी, हा करार या दातांच्या जुळणीत लिहिलेला असतो. जुन्या इंजिनांत तो कायमचा असे आणि म्हणूनच तडजोडीचा असे. वेग मोठा असताना आत शिरणाऱ्या हवेला स्वतःचा रेटा असतो. तेव्हा झडप उशिरा मिटलेली बरी. मंद गतीत तीच झडप उशिरा मिटली, तर आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. एकच वेळ दोन्ही अवस्थांना न्याय देऊ शकत नाही.

यावरचा उपाय म्हणजे झडपांची वेळ चालत्या इंजिनात बदलणे. आल्फा रोमिओने १९८० मध्ये अमेरिकेसाठीच्या आपल्या स्पायडर गाडीत तो प्रथम बाजारात आणला. आजच्या पुष्कळ इंजिनांत कॅमच्या टोकाला एक पोकळ पुली असते. तिच्या पोटात पंखांचे एक चक्र असते आणि ते कॅमला जोडलेले असते. तेलाचा दाब या बाजूने किंवा त्या बाजूने दिला की चक्र पुलीच्या आतल्या आत काही अंश फिरते आणि कॅम पुढे किंवा मागे सरकतो. इंजिन बंद होताना चक्र आपल्या ठरलेल्या टोकाला परतते आणि एक लहानशी खुंटी त्याला तिथे अडकवून ठेवते. पुन्हा तेलाचा दाब आला की खुंटी सुटते.

आता प्रश्न असा, की जिचा स्वभावच सरकण्याचा आहे तिचे टायमिंग बसवायचे कसे?

आमच्या गाडीत फोर्डच्या सिग्मा कुळातले टीआय-व्हीसीटी इंजिन आहे. भारतात २०१३ साली आलेल्या इकोस्पोर्टमध्ये ते होते. दोन्ही कॅमना अशा पुली आहेत. बेल्टचे आयुष्य संपत आले म्हणून तो बदलायचा होता, आणि आम्ही गॅरेजात स्टुलावर बसून ते काम पाहिले. या इंजिनात क्रँकच्या पुलीला चावी नसते; ती केवळ बोल्टच्या आवळणीवर धरून राहते. म्हणून इंजिनाच्या अंगात एक पिन आटवून क्रँक नेमक्या जागी टेकवतात. दोन्ही कॅमच्या मागच्या टोकांना खाचा असतात. त्या एका ओळीत आल्या की एक सपाट लोखंडी पट्टी दोन्हींत अलगद बसते.

हाताखालच्या मुलाने पिन लावली, पट्टी बसवली आणि बेल्ट चढवला. "उस्ताद, सगळं जुळलं," तो म्हणाला. सगळे जुळलेही होते. मिस्त्रींनी मात्र पुलीच्या तोंडावरची खूण पाहिली, मग पुली मुठीत धरून हलवली. ती किंचित हलली. आतली खुंटी अडकलेली नव्हती. "काढ बेल्ट," ते म्हणाले. मुलाचा चेहरा उतरला. आमच्याकडे वळून मिस्त्री म्हणाले, "सर, आता पट्टी बसलीय ती खोटी. गाडी चालू झाली की पुली आपल्या घरी जाणार आणि जाताना कॅमला ओढून नेणार. आधी तिला घरी बसवायची, मग खुणा बघायच्या."

हिशोब सरळ होता. पुली घरापासून दहा अंश दूर असताना बेल्ट चढला, तर ती घरी परतताच कॅम दहा अंशांनी चुकतो. क्रँकच्या मापाने ती चूक वीस अंशांची होते. आधुनिक इंजिनांत झडप आणि पिस्टन बहुधा एकाच जागेत आळीपाळीने येतात. चूक वाढली की दोघांची गाठ पडते आणि झडपा वाकतात.

जुळलेली खूण स्वतःच्या हाताने मोडण्याचे हे धैर्य आम्हांला आमच्या व्यवसायात फार कमी आढळले आहे. अभंगावरचा एक निबंध आमच्याकडे तपासायला आला होता. संकल्पना नेमक्या, मांडणी सुसंगत, सिद्धान्त आणि कविता खाचेत पट्टी बसावी तशी एकमेकांत बसलेली. सारा युक्तिवाद एका शब्दावर उभा होता, आणि तो शब्द हाताशी असलेल्या स्वस्त आवृत्तीतला मुद्रणदोष होता. लिहिणाऱ्याला आम्ही तसे सांगितले तेव्हा उत्तर आले, "पण सर, अर्थ तर लागतो." अर्थ लागतो हे खरेच होते. तिथेही पट्टी बसली होती.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. निरूपणाची परंपरा त्यामुळे थांबली नाही. ती आजही चालू आहे. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी संहिता प्रसिद्ध केली आणि मूळ कोणते याचा वाद झाला. हा वाद आम्हांला पुलीचे घर शोधण्याचाच वाद वाटतो. संहितेचे घर कुठे आहे यावर विद्वानांचे मतभेद असू शकतात, परंतु घराचा शोधच अनावश्यक आहे असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नव्हते.

आमचे काही विद्यार्थी यावर म्हणतील, की संहिता कधी स्थिर नसतेच. आम्ही त्यांना पुलीकडे बोट दाखवू. तीही चालत्या गाडीत क्वचितच घरी असते, आणि तिचे सारे मोल सरकण्यातच आहे. खुंटी कायमची जखडली, तर इंजिन जुन्या तडजोडीवर परतेल. ठरीव अर्थ घोकून घेणारी गाइडे नेमके तेच करतात. घर हे मोजणीला आरंभ करण्याचे ठिकाण आहे. तिथून किती अंश सरकलो हे सांगता आले, तरच सरकण्याला अर्थ राहतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. पुलीचा बोल्ट आवळताना मुलगा कॅम धरून ठेवण्यासाठी त्या पट्टीवरच जोर देऊ लागला, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. पट्टी पाहण्यासाठी आहे, पकडण्यासाठी नाही. जोर दिला तर खाच तुटते. कवितेवर सिद्धान्त चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य टिपून ठेवावे.

बेल्ट पुन्हा चढला. पिन आणि पट्टी काढून मिस्त्रींनी क्रँकच्या बोल्टवर पाना घातला आणि इंजिन हाताने, सावकाश, पुरते दोन फेरे फिरवले. कुठे अडते का, हे मनगटाला कळत होते. मग पिन पुन्हा आटवली, क्रँक तिला टेकवला आणि पट्टी खाचांपाशी नेली. ती जोर न लावता आत गेली. पुली हलवून पाहिली, हलली नाही. त्यानंतरच त्यांनी मुलाला किल्ली दिली.