आठ मेणबत्त्यांचे गाणे

सन १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढले की ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर देश सोडावा. सोने, चांदी व नाणी बरोबर नेण्यास मनाई होती. भाषेवर मात्र जकात नव्हती. तुर्की सुलतान दुसऱ्या बायझिदने आश्रय दिला आणि ही कुटुंबे इस्तंबूल, इझमीर, सालोनिका, साराजेव्हो येथे स्थिरावली. त्यांच्या जुन्या स्पॅनिशमध्ये हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळत गेले. तीच लादिनो. सालोनिकात या समाजाचा दबदबा एवढा की शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बंदराचे कामकाज बंद असे.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच माध्यमाच्या शाळा आल्या आणि प्रतिष्ठेच्या व्यवहारात फ्रेंच शिरली. पेढीवरची भाषा बदलली की घरातली फार काळ टिकत नाही, हे व्यापारी कुटुंबांना निराळे सांगायला नको. पुढचा घाव मात्र निर्दय होता. १९४३ मध्ये नाझींनी एकट्या सालोनिकातून चाळीस हजारांहून अधिक ज्यू ऑशविट्झला धाडले. बोलणारेच गेले.

उरली ती गाणी, अंगाईची, लग्नाची, विरहाची. तीही बहुतांशी बायकांच्या ओठांवर. तुर्कस्तानात जन्मलेल्या इसाक लेव्ही यांनी जेरुसलेममध्ये ती ऐकून, स्वरलिपीत उतरवून चार खंडांत छापली. ते वारले तेव्हा त्यांची कन्या यास्मिन तान्ही होती. मोठेपणी तीच गाणी तिने स्पेनच्या फ्लामेंको ढंगात जगभर गायली. आजी असे गात नव्हती, अशी जाणकारांची तक्रार असते. ती खोटी नाही. परंतु ग्रंथालयातल्या खंडांना श्रोता मिळाला तो या नव्या सुरांमुळेच.

फ्लोरी जगोडा यांनी तर जुन्याची राखण करण्यापुरते थांबायचे नाकारले. १९२३ साली साराजेव्होत जन्मलेल्या फ्लोरी आजीकडून, म्हणजे त्यांच्या ‘नोना’कडून, गाणी शिकल्या. १९४१ मध्ये सतराव्या वर्षी खोट्या ओळखपत्रावर त्या झाग्रेबहून आगगाडीने निसटल्या. वाटभर त्या अकॉर्डियन वाजवीत राहिल्या आणि डब्यातले प्रवासी गात राहिले. आजोळची बहुतेक माणसे मारली गेली. अमेरिकेत संसार थाटल्यावर त्यांनी आजीची गाणी गायलीच, शिवाय लादिनोत स्वतःची रचली. मेलेल्यांच्या भाषेत नवे गाणे लिहिणे हे धाडसच.

हनुक्का हा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. त्यासाठी १९८३ च्या सुमारास त्यांनी ‘ओचो कान्देलिकास’, म्हणजे आठ छोट्या मेणबत्त्या, हे गाणे केले. ते इतके पसरले की अनेकांना ते शतकांपूर्वीचे लोकगीतच वाटते.

गाण्याने बोलभाषा परत येते का? तसे म्हणणे धाडसाचे होईल. युनेस्कोच्या यादीत लादिनो आजही गंभीर धोक्यातली आहे. फ्लोरी २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या त्या गाण्यात एकेक मेणबत्ती मोजली जाते. घरात लादिनोचा एक शब्दही न ऐकलेली मुले दर हनुक्काला त्या भाषेत एक ते आठ आकडे म्हणतात.