हप्ता ठरलेला, भाडं नाही

ढाब्यावर शेजारच्या बाजेवर बसलेला ड्रायव्हर आधी गाव विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "गाडी स्वतःची का कंपनीची?" कंपनीची म्हटलं की बोलणं पगार-भत्त्यावर जातं. स्वतःची म्हटलं की तो जरा सावरून बसतो आणि तुम्हाला शेठ म्हणायला लागतो, मग त्या शेठचे दोन हप्ते थकलेले का असेनात. मी बरीच वर्षं कंपनीची म्हणत आलोय. २०२३ च्या उन्हाळ्यात उत्तर बदलायची वेळ अगदी जवळ आली होती.

मी शिरवळचा. चाकणहून कारखान्यांचे सुटे भाग भरून बंगळुरूकडे जातो आणि कंपनी देईल तो माल घेऊन परत येतो. महामार्ग आमच्या गावावरूनच जातो आणि गाडी घ्यायचं खूळ तिथेच डोक्यात शिरलं. कंपनीच्या गाडीला जीपीएस. ठरलेल्या जागा सोडून कुठे गाडी उभी केली की कंट्रोल रूमचा फोन आलाच: "ड्रायव्हर, गाडी का थांबली?" घर फाट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मुलगी शाळेतून यायची वेळ झालेली, आणि मी गाव मागे टाकून खंबाटकीच्या चढाला गिअर उतरवतोय. स्वतःची गाडी असती तर घरी जेवून निघालो असतो. पैशाचा विचार नंतर आला, आधी हा आला.

गावातल्या अण्णांना त्यांची दहाचाकी काढायची होती. २०१९ ची, २८ टनी, बॉडी चांगली, टायर निम्मे. किंमत १८ लाख. फायनान्सवाला घरी येऊन बसला. तो १३ लाख द्यायला तयार होता, चार वर्षांची मुदत, महिन्याला ३६,००० च्या आसपास हप्ता. वरचे पाच लाख माझे: थोडे पतसंस्थेत होते, थोडे पीएफमधून निघाले असते, आणि उरलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या होत्या. कागदं दोन दिवसांत होतात, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. ट्रकचं कर्ज मिळायला आता फारसा त्रास पडत नाही.

कंपनीत हे कळल्यावर आमच्या सुपरवायझर साहेबांनी तिसरा रस्ता दाखवला. "गाडी घे आणि आमच्याकडेच अटॅच कर. माल आम्ही देतो, गाडी तुझी." ऐकायला बरं वाटलं. महिन्याला किती किलोमीटर द्याल, असं मी विचारलं. "सात हजार तरी होतीलच." कागदावर लिहून द्याल का? साहेब हसले. आणि भाड्याचे पैसे? बिल लावल्यावर ४५ दिवसांनी. पंपावर डिझेल भरताना मात्र ४५ दिवसांनी देतो म्हणून चालत नाही. म्हणजे हप्ता माझा, डिझेल माझं, आणि गाडी कधी सुटणार ते ठरवणार साहेब.

वही घेऊन बसलो. जाऊन-येऊन साधारण १,७०० किलोमीटर. भरलेली दहाचाकी लिटरला चारचं ॲव्हरेज देते, म्हणजे ४२५ लिटर. तेव्हा निपाणी ओलांडली की डिझेल चार-पाच रुपयांनी स्वस्त मिळायचं, ते धरून ३८,०००. दोन्ही बाजूंचा टोल १०,०००. वाराई, दलाली, जेवणखाण आणि रस्त्यात हात पुढे करणारे धरून ५,०००. झाले ५३,०००. जातानाचं भाडं ४०,००० आणि येतानाचं ३०,००० मिळालं तर फेरीमागे १७,००० राहतात.

महिन्याला चार फेऱ्या म्हणजे ६८,०००. त्यातून हप्ता ३६,०००. विमा, नॅशनल परमिट, टॅक्स आणि पासिंग यांचे महिन्याला ९,०००. एक टायर वीस हजारांच्या पुढे, असे दहा टायर, आणि लाखभर किलोमीटर चालले तर नशीब, म्हणून महिन्याला १५,००० बाजूला टाकायला हवेत. ऑइल, ग्रीसिंग, पाटे, ब्रेक यांना ८,०००. बेरीज ६८,०००. मी दोनदा तपासली. चार फेऱ्या करून मालकाच्या हातात शून्य, आणि त्या मालकाने ड्रायव्हरचा पगारही घेतलेला नाही. पाचवी फेरी झाली तर तिची टायरची झीज वजा जाता तेरा-चौदा हजार. एकदा परतीला रिकामं यावं लागलं तर महिना तोट्यात. कंपनीत पगार आणि भत्ता मिळून मला तीस हजारांच्या आत-बाहेर पडत होते, पीएफ वेगळा.

वही अण्णांना दाखवली. त्यांनी गाडीचं कौतुक करावं अशी माझी थोडी अपेक्षा होती. ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण पाचवी फेरी कुठं हरवते ते वहीत दिसत नाही. सुट्टी टाक आणि चल माझ्याबरोबर."

गेलो. जाताना मजा आली, ते नाकारत नाही. अण्णा पन्नास-पंचावन्नच्या वर गाडी पळवत नाहीत, त्यामुळे डिझेल वाचतं. चित्रदुर्गच्या पुढे झोप आली तर बाजूला घेऊन झोपले, कोणाचा फोन नाही. चाकात आवाज आला तर स्वतः खाली उतरून हात लावून बघितलं. आम्ही कंपनीवाले असा आवाज आला की फोटो काढून पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. आपल्या गाडीचं ऐकणं वेगळं असतं, ते मला अण्णांच्या शेजारी बसून समजलं.

माल बंगळुरूजवळ नेलमंगलाच्या गोदामात उतरवला आणि मग मालकीची दुसरी बाजू सुरू झाली. कंपनीच्या गाडीला परतीचा माल ऑफिस लावतं. तोपर्यंत मी केबिनमध्ये झोपतो, आणि मुक्काम वाढला तर त्याचा भत्ता मिळतो. अण्णा मात्र पार्किंगमध्ये फोन घेऊन बसले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर मालाच्या जाहिराती येत होत्या: बंगळुरू ते पुणे, १८ टन, दहाचाकी पाहिजे. पहिल्या दलालाने २७,००० सांगितले. अण्णांनी ३२,००० मागितले. "कळवतो" म्हणून त्याने फोन ठेवला, कळवलं काहीच नाही. त्याच पार्किंगमध्ये महाराष्ट्र पासिंगच्या पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा मालक किंवा ड्रायव्हर त्याच दलालांशी बोलत होता.

वाट बघता बघता अण्णा आपली हकीकत सांगत होते. २०१८ मध्ये सरकारने गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. दहाचाकीला पूर्वी एकूण २५ टन होते, ते २८.५ झाले. त्यांना वाटलं, जास्त माल म्हणजे जास्त भाडं. पण सगळ्याच गाड्यांत जास्त माल बसायला लागला, बाजारात माल मात्र तेवढाच, आणि टनाचा दर खाली आला. गाडी घेतल्यावर वर्ष व्हायच्या आत मार्च २०२० ची टाळेबंदी लागली. मालवाहतुकीला परवानगी होती, पण कारखानेच बंद, तर भरणार काय? हप्त्याला सहा महिन्यांची सवलत मिळाली, व्याज मात्र थांबलं नाही, ते मुद्दलात जाऊन बसलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत डिझेल शंभरीपार गेलं. पंपवाल्याने दर त्याच सकाळी बदलला, पार्टीने भाडं वाढवायला दोन महिने लावले. "या मधल्या दोन महिन्यांचे पैसे कोणी दिले?" असं विचारून अण्णांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी होसूरहून माल निघाला. म्हणजे पुण्याच्या उलट दिशेला साठ-सत्तर किलोमीटर रिकामं जायचं. दलाल २८,००० वर अडून होता, कमिशन वेगळं. अण्णांनी बोटांवर हिशेब केला: हप्ता आणि विमा-परमिट धरून गाडी उभी राहिली तरी दिवसाला १,५०० रुपये खाते. त्याच्या पुढचा दिवस रविवार होता. त्यांनी हो म्हटलं. माझ्या वहीतले ३०,००० तिथेच कमी झाले आणि पाचवी फेरी कुठे हरवते ते मला दिसलं. रस्त्यावर ती हरवतच नाही. पार्किंगमध्ये हरवते.

परतीला सातारा मागे टाकला तेव्हा दुपार कलत आली होती. खंबाटकी उतरलो. शिरवळचा फाटा दिसायला लागला. मी म्हटलं, "अण्णा, घरी जेवून जायचं का? फोन करून ठेवतो." त्यांनी घड्याळ बघितलं. "चाकणचं गेट सहाला बंद होतं. आज खाली नाही झालो तर गाडी खाली व्हायला मंगळवार उजाडेल." गाडी थांबली नाही. कंट्रोल रूमचा फोन नव्हता, जीपीएस नव्हतं, मालक स्वतः स्टिअरिंगवर होता, आणि तरी आम्ही घरावरून तसेच पुढे गेलो.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, पण हो-नाही करत आणखी आठवडा गेला. कर सल्लागाराकडे जाऊन आलो. त्यांनी सांगितलं की दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला आयकरात सोपा मार्ग आहे: बारा टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं, खर्चाची बिलं दाखवायची गरज नाही. म्हणजे २८ टनी गाडीचं सरकारने धरलेलं उत्पन्न महिन्याला २८,०००. मला हसू आलं. माझ्या वहीत चार फेऱ्यांना शून्य येत होतं, आणि सरकारने धरलेल्या आकड्याएवढं मी कंपनीत आधीच कमवत होतो, पाच लाख न गुंतवता.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अहो, तुम्हाला ताप आला तर गाडी कोण नेणार?" दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा पगार कुठल्या रकान्यातून काढायचा, हे माझ्याकडे नव्हतं. तिने पाटल्यांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी कंपनीत राहिलो. अटॅचला नाही म्हटलं. पण साहेबांकडे एक गोष्ट मागितली. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली होती. परतीच्या वाटेवरचा एक थांबा तसाही कुठेतरी घ्यायचाच असतो, तो माझ्यासाठी शिरवळला टाका, असं मी म्हटलं. साहेबांचा त्यात काही खर्च नव्हता. त्यांनी सिस्टिममध्ये शिरवळ घातलं. दर वेळी जमतं असं नाही, पण बऱ्याचदा आता जेवण घरी होतं आणि फोन वाजत नाही.

अण्णांची गाडी कराडकडच्या एका माणसाने घेतली. हप्ता साधारण तेवढाच, गाडी तीच, रस्ताही तोच, आणि त्याचं चांगलं चाललंय. त्याचा मेव्हणा पुण्याच्या मार्केट यार्डात आडत्या आहे. जाताना बंगळुरूच्या यशवंतपूर बाजारासाठी कांदा, येताना तिपटूर-अरसीकेरे भागातला नारळ. दोन्हीकडचा माल गाडी निघायच्या आधी ठरलेला, त्यामुळे त्याला नेलमंगलाच्या पार्किंगमध्ये बसावं लागत नाही. जिने मला तोट्यात घातलं असतं त्याच गाडीवर तो कमवतोय, आणि तो माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहे असं मला वाटत नाही.

हल्ली पोरं विचारतात, गाडी घेऊ का? मी त्यांना गाडीबद्दल काही विचारत नाही. परतीचा माल कोण देणार? दीड महिन्याच्या डिझेल-टोलचे पैसे हप्त्यापासून वेगळे ठेवलेत का? तू आजारी पडलास तर चावी कोणाकडे देणार? तिन्हींची उत्तरं असतील तर घे, मी पासिंगला बरोबर येतो. गाडी आणि कर्ज दोन्ही बाजारात मिळतं. माल देणारा माणूस तसा मिळत नाही, तो जोडायला वर्षं लागतात.

ते जोडणं मी सुरू केलंय. बंगळुरूला मुक्काम पडला की केबिनमध्ये झोपण्याऐवजी यशवंतपूरच्या यार्डात जातो, आडत्यांशी चहा घेतो, कुठल्या महिन्यात काय निघतं ते वहीत लिहितो. मुक्कामाचा भत्ता कंपनी देते, त्यामुळे घाई नाही. एकाने परतीच्या मालाचा शब्द दिलाय. जातानाच्या मालाचा अजून कोणी दिलेला नाही. तो मिळाला की मग फायनान्सवाल्याला फोन करीन.