हिरव्या नरकातली शॉपिंग लिस्ट

टोलनाका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खालापूर येतं. रांग, हॉर्न आणि पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. जर्मनीत आयफेलच्या डोंगरात मात्र एक असा नाका आहे, जिथे पब्लिक खुशीत रांग लावतं. एका फेरीचे साधारण ३० ते ३५ युरो भरतं, वीसेक किलोमीटर गाडी हाणतं आणि जिथून निघालं तिथेच येऊन पुन्हा रांगेत उभं राहतं. कुठे पोहोचायचंच नसतं! या रस्त्याचं नाव नूरबुर्गरिंग नॉर्डश्लाइफ.

१९२७ मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक २०.८ किलोमीटर लांब आहे. सत्तरहून जास्त वळणं, सगळ्यांत खालच्या आणि वरच्या टोकात सुमारे ३०० मीटरचा फरक. मधोमध नूरबुर्ग नावाचं टीचभर गाव, त्याच्या डोक्यावर पडका किल्ला आणि भोवती घनदाट झाडी. जॅकी स्टुअर्टने याला 'हिरवा नरक' म्हटलं ते उगाच नाही. १९७६ मध्ये निकी लाउडाची फेरारी इथेच पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या ट्रॅकवर झाली नाही. पण तुम्हा-आम्हाला आजही एन्ट्री आहे. रेस किंवा टेस्टिंग नसेल त्या वेळात हा कायद्याने चक्क वन-वे टोल रोड असतो. रस्त्यावर चालवायला पात्र गाडी, खिशात लायसन्स, बस्स.

आता मूळ मुद्दा. मी तीन महिन्यांच्या ऑनसाइटवर स्टुटगार्टला होतो. पुण्यात शेजारच्या क्युबिकलमध्ये बसणारा आमचा कोल्हापूरकर मित्र आता तिथेच सेटल झालाय. पठ्ठ्याने सेकंडहँड टोयोटा जीटी ८६ घेतली होती. लालभडक. दोन दारं, मागची सीट दप्तर ठेवण्यापुरती, दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना आणि वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेली ही गाडी २०१२ मध्ये आली आणि बेताच्या पैशांत स्पोर्ट्स कारची मजा हवी असणाऱ्यांची लाडकी झाली.

कोल्हापूरकराच्या खात्यात बोनसचे ३००० युरो होते आणि डोक्यात सुपरचार्जर. किट त्याहून बरंच महाग, म्हणून वरचे पैसे हप्त्याने द्यायचे असा प्लॅन. तिकडे वहिनी जानेवारीत बाळाला घेऊन येणार होत्या आणि त्यांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, 'डिसेंबरपर्यंत काय करायचं ते करा. नंतर त्या गाडीत एक पैसा जाणार नाही.' म्हणजे चान्स एकच. मी म्हटलं, 'ऑर्डर द्यायच्या आधी एकदा रिंगला जाऊन येऊ. गाडीला काय कमी पडतंय ते तिथेच बघू.'

स्टुटगार्टहून तीन तास लागतात. सप्टेंबरचा शनिवार, नाक्यापाशी ऊन आणि समोरच्या डोंगरावर काळा ढग. इथे हे रोजचंच. ट्रॅक एवढा पसरलेला की एका टोकाला गॉगल लावावा आणि दुसऱ्या टोकाला वायपर. पार्किंगमध्ये पोर्श, बीएमडब्ल्यू, खटारा गोल्फ, सगळे एका लायनीत. आणि जो तो दुसऱ्याच्या चाकांत डोकावून बघतोय, ब्रेक कोणते लावलेत ते!

बॅरिअर उघडलं. हात्सनबाख नावाची नागमोडी वळणं सुरू झाली आणि टायर कुरकुरायला लागले. या गाडीला कंपनीतून येणारे मिशेलिन प्रायमसी टायर मुद्दाम कमी पकडीचे निवडलेले होते. तसेच टायर प्रियसवरही मिळायचे! कमी स्पीडलाही गाडीची शेपूट खेळती राहावी हा त्यामागचा फंडा. रिकाम्या चौकात तो फंडा सही आहे, इथे नाही. पहिल्या फेरीनंतर उतरून पाहिलं तर पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडल्यासारख्या झालेल्या. कारण कंपनीच्या सेटिंगमध्ये पुढची चाकं जवळजवळ सरळ उभी असतात. वळणावर गाडी कलली की सगळा भार टायरच्या बाहेरच्या काठावर. चाक वरून किंचित आत झुकवलं, म्हणजे कॅम्बर दिला, की अख्खा टायर रस्त्याला टेकतो. त्यासाठी लागतात दोन खास बोल्ट आणि एक चांगलं अलाइनमेंट. महागड्या पार्ट्सच्या दुनियेत यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, कारण बोनेट उघडून मित्रांना दाखवण्यासारखं त्यात काही नसतं.

फ्लूगप्लात्स म्हणजे विमानतळ. तिथल्या उंचवट्यावर गाडी खरोखर हलकी होते, पोटात गोळा येतो. पुढे फुक्सरोअर, कोल्ह्याचं बीळ. झाडांतून सरळ खाली सूर मारायचा आणि तळाशी आपण सीटमध्ये असे दाबले जातो की तोंडातून आपोआप 'आई गं' निघतं. इथे एक गोष्ट कळते. फोटोत झकास दिसणारं, जमिनीला चिकटलेलं, दगडासारखं कडक सस्पेन्शन गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. इथे ते उड्या मारतं, आणि हवेतला टायर वळतही नाही, थांबतही नाही. स्वस्तातले कॉइलओव्हर घेण्यापेक्षा कंपनीचे शॉक अॅब्सॉर्बर चांगल्या स्थितीत असतील तर तेच राहू द्यावेत, असं माझं स्पष्ट मत झालं. चांगले घ्यायचे तर त्यातच अर्धा बोनस गेला असता.

पण खरा धडा दुसऱ्या फेरीत मिळाला. कालनहार्डनंतर रस्ता उतरतच जातो. वेअरझायफेन, मग ब्राइडशाइडचा पूल, ट्रॅकचा सगळ्यांत खालचा भाग. आपला खंडाळ्याचा घाट आठवा. उतारावरून येणाऱ्या ट्रकच्या चाकांना येणारा तो जळका वास आठवा. तोच वास आमच्या लाल गाडीत शिरला. कोल्हापूरकराने ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पुन्हा दाबलं, आणखी खोल. चेहऱ्यावरचं हसू गायब. त्याने गिअर उतरवला, उजवा इंडिकेटर दिला आणि कडेने हळूहळू गाडी पुढे नेली. डाव्या बाजूने एक पोर्श सुसाट निघून गेली. गाडीत दोघंही गप्प. माझी नजर त्या लोखंडी गार्डरेलवर. इथे गाडी गार्डरेलला लागली तर ती दुरुस्त करण्याचं, गाडी उचलून नेण्याचं, ट्रॅक बंद राहिल्याचं बिल तुमच्या नावे येतं. बऱ्याच विमा पॉलिसींत इथल्या फेऱ्या कव्हर होत नाहीत, ते वेगळंच.

झालं काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावं असा नियम आहे. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच किमान पातळी १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी पळत राहते. ऑइल कधी बदललं होतं याची आधीच्या मालकाच्या कागदांत नोंदच नव्हती. पॅड तापून गुळगुळीत होतात तो प्रकार वेगळा. त्यात पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दोन्हींचा इलाज वेगळा आणि दोन्ही इलाज सुपरचार्जरपुढे चिल्लर भावात!

पुलानंतर चढ लागतो आणि ब्रेक निवतात. केसेलशेनचा तो लांबलचक चढ म्हणजे २०० हॉर्सपॉवरची परीक्षा. अॅक्सिलरेटर जमिनीला टेकलेला आणि गाडी आपली 'येते येते' करत चाललेली. त्यात या इंजिनाला मधल्या आरपीएमवर एक खड्डा आहे. साधारण ३५०० ते ४५०० च्या दरम्यान ते दम खातं. कोल्हापूरकराला पुन्हा कंठ फुटला. 'बघितलंस? लेका, हे दोनशे घोडे न्हाईत, म्हशी हायत. म्हणून सांगतोय, सुपरचार्जर पायजे!'

मी म्हटलं, 'आणि तो लावून मघाच्या उतारावर आणखी वीसच्या स्पीडने आला असतास तर?'

तो काही बोलला नाही. कारूसेलची काँक्रीटची कललेली वाटी आली, फिलिंग हलल्यासारखे दात वाजले आणि तो विषय तिथेच राहिला. शेवटी ड्योटिंगर होएची दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टी. तिथे पॉवरवाले सगळे आम्हाला टाटा करून गेले. जाऊ द्यात ना! इथे टूरिस्ट फेऱ्यांत टायमिंग घ्यायला बंदी आहे, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि बक्षीस कुणालाच नाही.

संध्याकाळी गावातल्या पिस्टनक्लाउझेमध्ये गेलो. भिंतींवर ड्रायव्हर्सचे सह्या केलेले फोटो, छताला गाड्यांचे पार्ट, आणि ताटात तापलेल्या दगडावर चरचरणारं स्टेक. हे सबीना श्मित्झच्या माहेरचं हॉटेल. १९९६ आणि १९९७ मध्ये इथली २४ तासांची रेस जिंकणाऱ्या टीममधली ही बाई. टीव्हीवर फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेऊन दहा मिनिटं आणि काही सेकंदांत हा ट्रॅक कापून दाखवला होता तिने! मालवाहू व्हॅन! २०२१ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी इथल्या एका वळणाला तिचं नाव दिलं गेलं. तिचा फोटो बघता बघता कोल्हापूरकराने पेपर नॅपकिन ओढला आणि लिस्ट करायला घेतली.

त्यात आणखी एक पाचर होती, जर्मन कायदा. इथे गाडीला काहीही लावलं की त्याचा मंजुरीचा कागद हवा, नाहीतर ट्यूफच्या इन्स्पेक्टरकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करून घ्यायची. नाही केली तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच गोत्यात येतो. आणि रस्त्याचा परवाना नाही तर टूरिस्ट फेरीही नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे एक्झॉस्ट पाइप, ज्यांनी तो मधला खड्डा बुजतो म्हणतात, ते इथेच बाद. अस्सल रेसिंग ब्रेक पॅडही बाद. ईसीई आर ९० ही मान्यता असलेलेच पॅड चालतात. सुदैवाने ती मान्यता असलेले, जास्त उष्णता सोसणारे पॅड मिळतात.

नॅपकिनवर शेवटी उरलं ते असं. ३०० अंशांच्या वर उकळबिंदू असलेलं रेसिंग ब्रेक ऑइल, वर्षातून किमान एकदा बदलायचं. चांगले पॅड, पुढचे-मागचे मिळून तीनेकशे युरो. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप, पेडल नेमकं लागावं म्हणून. मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनच्या कॅलिपरवर काट मारली; एवढ्या हलक्या गाडीला ती चैन आहे. कॅम्बर बोल्ट, अलाइनमेंट, आणि मूळ मापाचे पण पकडीचे चार टायर. सेमी-स्लिक मी हट्टाने खोडले. आयफेलच्या पावसात ते घेऊन तीन तासांचा ऑटोबान गाठायचा? वहिनींना काय तोंड दाखवणार? ऑइल कूलरवरून थोडी बाचाबाची झाली. हे इंजिन तापतं हे खरं, पण इथे एकेक फेरी करून बाहेर यावंच लागतं. पंधरा मिनिटं गाडी निवू दिली की कूलरशिवाय भागतं. फक्त गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये उभी करायची. बेरीज दीड हजाराच्या थोडी वर गेली. उरलेल्या पैशांतले काही इन्स्ट्रक्टरसोबतच्या फेऱ्यांसाठी ठेवले.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा गेलो. त्याच उतारावर, त्याच पुलाआधी, कोल्हापूरकराने ब्रेक दाबला आणि पेडल जिथल्या तिथे थांबलं. सलग चार फेऱ्या. इन्स्ट्रक्टरने तर त्याला अर्ध्या ठिकाणी ब्रेक दाबूच दिला नाही! केसेलशेनच्या चढावर म्हशी अजून म्हशीच होत्या, पण चढाच्या सुरुवातीलाच आधीपेक्षा जास्त स्पीड असल्याने त्या जरा लवकर वर पोहोचत होत्या. सुपरचार्जरचं पान त्याच्या मोबाइलमध्ये अजून सेव्ह आहे. वहिनींना सांगू नका.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर आपली गाडी घेऊन ट्रॅक डेला जाणाऱ्यांनाही ही लिस्ट याच क्रमाने चालेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे इंजिनात घुसखोरी करणं तसंही डोकेदुखीचंच. ब्रेक ऑइल, पॅड आणि योग्य मापाचे टायर यांवर कुणी हरकत घेत नाही.

आणि रिंगलाच जायचं असेल तर कोलोन-बॉन सोयीचं, फ्रँकफर्टही चालेल. टूरिस्ट फेऱ्या साधारण मार्च ते नोव्हेंबर, पण रोज नसतात, त्यामुळे ट्रॅकचं कॅलेंडर बघूनच तिकीट काढा. एअरपोर्टवरची भाड्याची गाडी ट्रॅकवर नेऊ नका, करारात तशी बंदी असते. गावात खास ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात. घेताना डिपॉझिट किती आणि गार्डरेलचं बिल कुणाचं, एवढं आधी विचारा. गाडी चालवायचीच नसेल तर ब्र्यूनशेनच्या वळणापाशी फुकटात उभं राहा. सोबत जॅकेट आणि काहीतरी खायला न्या, दुपार कशी जाते कळत नाही.