गवती चहाचं बेट

आमच्या कळंबकडं गवती चहा कोणी विकत आणत नाही. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं त्याचं बेट असतंच. बी पेरायची भानगड नाही. पहिल्या पावसात जुनं बेट फोडायचं आणि मुळासकट फुटवा खोचायचा. दोन-तीन वर्षांनी दाटलं की परत फोडून शेजारीपाजारी वाटायचं. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपणाचाही खर्च वाचला.

पात विळ्यानं कापावी. हातानं ओढली तर तिची कड बोट चिरते. चार-पाच पाती धुऊन त्यांची गाठ मारायची, गाळायला सोपं जातं. ठेचलेलं आलं, गूळ, चांगली उकळी, आणि चहापत्ती शेवटाला चिमूटभर. गुळात दूध उकळलं तर फाटायची भीती, म्हणून आमच्या घरी कोराच पितात. तो लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. साबणात, अत्तरात तेच घालतात. थायलंडात तर बुडखा ठेचून रश्श्यात टाकतात. आम्ही बुडखा जमिनीतच ठेवतो, पुन्हा फुटायला. मला तेच बरं वाटतं.

आवणीच्या दिवसांत याची खरी किंमत कळते. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या माणसाला एक पेला दिला की हुडहुडी जाते, घाम फुटतो, अंग मोकळं होतं. नाक चोंदलं तर त्याच पातींची वाफ घ्यायची. पण आईचा नियम होता : काढा दोन रात्री, तिसऱ्या सकाळी डॉक्टर.

२००५ च्या पावसाळ्यात, २६ जुलैच्या पुरानंतर, धाकट्या भावाला ताप भरला. चुलते म्हणाले, "अजून काढा द्या, घाम येऊ द्या." भावाच्या पोटऱ्यांना हात लावू देईना, डोळे लालबुंद. आई म्हणाली, "काढा घामाचा हाय, डोळ्यांचा न्हाय." दुसऱ्या रात्रीचीही वाट न बघता तिनं रिक्षा बोलवायला लावली. दवाखान्यात कळलं, लेप्टो. उंदराच्या मुतानं नासलेलं पाणी पायाच्या चिरेतून रक्तात जातं. मूत्रपिंडाला धक्का बसायला सुरुवात झाली होती, पण वेळेत औषध मिळालं. नऊ दिवसांनी भाऊ घरी आला.

आता पायाला जखम असलेल्या माणसाला मी चिखलात उतरू देत नाही. त्याला घरी चुलीपाशी बसवतो, चहाचं पातेलं सांभाळायला.