सहा क्विंटलांचे आकाश

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीपासून पश्चिमेला सुमारे 400 किलोमीटरवर टेमोरा नावाचे गाव आहे. चहूकडे गव्हाची सपाट शेती पसरलेली. ऑगस्ट महिना संपत आला की कनोला हे मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक फुलते आणि हिरव्या पटावर पिवळे चौकोन उमटू लागतात. पूर्वी येथे सोने सापडले होते. आज गाव जगते ते धान्यावर.

या धान्याच्या गावाच्या कडेला एक वसाहत आहे. तिथली घरे पाहून परका मनुष्य थबकतो. घराच्या पुढे नेहमीसारखी बाग असते. बाजूला मात्र भलेमोठे पत्र्याचे दार असते आणि दारामागे विमान उभे असते. तेथून निघालेली वाट थेट धावपट्टीला जाऊन मिळते. विमान म्हटल्यावर मुंबईच्या विमानतळावरचे अजस्र यंत्र डोळ्यांपुढे येते, तसे हे नव्हे. दोन आसने, नाकावर एक पंखा आणि दोघा माणसांनी सहज ढकलत बाहेर काढावे एवढाच त्याचा भार. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त नोकरदार असे यांचे मालक असतात. कित्येकदा चार-पाच जण भागीदारीत एकच विमान ठेवतात.

टेमोराला ही धावपट्टी युद्धाने दिली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने नवशिक्या वैमानिकांसाठी येथे प्राथमिक शाळा उघडली. मोकळे आकाश आणि सपाट जमीन हे तिचे भांडवल होते. युद्ध संपले, शाळा मिटली, धावपट्टी उरली. आज तिच्या कडेला विमानांचे संग्रहालय आहे आणि त्यातील दोन स्पिटफायर विमाने अजूनही उडतात. हौशी वैमानिकांचा ईस्टरचा मेळावाही अनेक वर्षे याच गावी भरत असे.

या छंदाला कायद्याने जागा दिली ती मात्र जपून. 1970च्या दशकात घरी बांधलेल्या अतिहलक्या विमानांना प्रथम परवानगी मिळाली, तेव्हा 300 फुटांच्या वर जायचे नाही आणि डांबरी रस्ता ओलांडायचा नाही, अशा अटी होत्या. पुढे 1983 मध्ये हौशी उड्डाण करणाऱ्यांनी आपला महासंघ स्थापला आणि 2004 मध्ये त्याला ‘रिक्रिएशनल एव्हिएशन ऑस्ट्रेलिया’ हे नाव मिळाले. शासनाच्या देखरेखीखाली वैमानिकांचे प्रमाणपत्र आणि विमानांची नोंदणी हे काम ही संस्था स्वतः पाहते. वयाच्या 15व्या वर्षी एकट्याने उडता येते; प्रमाणपत्रासाठी किमान 20 तासांचे उड्डाण लागते आणि त्यांपैकी 5 तास एकट्याने केलेले असावे लागतात. उड्डाण फक्त दिवसा आणि ढगांच्या बाहेर राहूनच करायचे. प्रवासी सोबत नेण्यासाठी आणि दूरच्या प्रवासासाठी वेगळी शिकवणी घेऊन वेगळी अनुमती मिळवावी लागते. विमानेही देशातच घडू लागली. क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग येथे 1988 साली सुरू झालेला ‘जाबिरू’ हा कारखाना विमानांबरोबर त्यांची इंजिनेही स्वतः बनवतो.

या सगळ्या व्यवहाराचा पाया दीर्घकाळ एका आकड्यावर उभा राहिला: 600 किलो. अलीकडे काही विमानांसाठी ही मर्यादा वाढवण्यात आली आहे. तरी बहुतेक लहान विमाने याच मापाची आहेत. सहाशे किलो म्हणजे सहा क्विंटल. पन्नास किलोची बारा पोती. यंत्र, पंख, इंधन, माणसे आणि सामान हे सारे धरून जमीन सोडताना भार याहून अधिक असता कामा नये. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री वैमानिक नकाशाइतकाच तराजूला महत्त्व देतो.

समजा, रिकामे विमान 350 किलोचे आहे. उरले 250. दोन माणसांचे मिळून 165 किलो गेले, उरले 85. शंभर लिटर पेट्रोलचे वजन साधारण 72 किलो, उरले 13. निर्जन प्रदेशावरून जायचे, म्हणून किमान दहा लिटर पाणी सोबत हवेच. उरले तीन किलो. त्या तीन किलोंत दोघांचे कपडे, अंथरूण आणि खाणे बसवायचे. तंबू न्यायचा तर पेट्रोल कमी घ्यावे लागते आणि पेट्रोल कमी घेतले की वाटेत एक मुक्काम वाढतो. घरून निघताना ‘असू द्या बरोबर, लागले तर’ असे म्हणण्याची सवय असलेल्या माणसाला ही वजाबाकी फार जड जाते. शिवाय वजन किती यासोबतच ते कुठे ठेवले, हेही पाहावे लागते. शेपटीकडे भार झुकला तर नाक वर उचलले जाते आणि मंद वेगात विमान आवरेनासे होते. तराजूची दांडी दुकानात कलली तर नुकसान पैशाचे असते. येथे जिवाचे असते.

पहाटे प्रत्येक टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक नळीत काढून पाहतात, कारण रात्रीच्या गारव्याने त्यात पाणी उतरलेले असू शकते. टाकीत मोजपट्टी बुडवून साठा मोजतात. काट्यावर विसंबत नाहीत. धावपट्टीवर कांगारू नाही ना, तेही पाहतात. मग इंजिन सुरू होते आणि काही क्षणांत ती बारा पोती जमीन सोडतात.

टेमोराहून वायव्येला निघाले की हिरवा रंग हळूहळू विटत जातो. हिल्स्टनजवळ लॅक्लन नदीची वळणे झाडांच्या रेघेवरून ओळखू येतात. आयव्हनहोच्या सुमारास शेती मागे पडते आणि तांबूस माती सुरू होते. पुढे मेनिंडी येथे डार्लिंग नदीलगतची उथळ सरोवरे चकाकतात. ताशी 185 किलोमीटरच्या वेगाने सव्वातीन-साडेतीन तासांत ब्रोकन हिल येते. वाटेतल्या बहुतेक लहान धावपट्ट्यांवर वाहतूक नियंत्रक नसतो. प्रत्येक वैमानिक ठरलेल्या रेडिओ वाहिनीवर आपण कोण, कुठे आणि काय करणार आहोत, हे सांगतो आणि इतरांचे ऐकतो. ज्याने त्याने खरे बोलावे, एवढ्या एका गोष्टीवर ही व्यवस्था चालते.

ब्रोकन हिल हे चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणींचे शहर. आज जगभर व्यवसाय करणाऱ्या बीएचपी कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरे याच गावाची; 1885 साली ती येथेच स्थापन झाली. गाव न्यू साउथ वेल्सचे, पण घड्याळ शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाचे, अर्धा तास मागे. सूर्य मात्र कोणाच्याच घड्याळाला विचारत नाही. मावळतीनंतरचा उजेड विझण्यापूर्वी किमान दहा मिनिटे आधी उतरता येईल, असाच बेत आखावा लागतो आणि टाकीत अर्ध्या तासाचे इंधन न वापरता शिल्लक ठेवावे लागते.

याच शहरात ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’चा एक मोठा तळ आहे. रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या ध्यासातून मे 1928 मध्ये क्वीन्सलँडच्या क्लॉन्करी गावातून ही सेवा सुरू झाली. शेकडो मैलांत वैद्य नाही, अशा वस्त्यांना विमानाने वैद्य मिळू लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी नॅन्सी बर्ड ही तरुणी न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात परिचारिकांना घेऊन उडू लागली, त्या दूरच्या वस्त्यांवरच्या बालकांच्या तपासणीसाठी. तिने 17व्या वर्षी उड्डाण शिकायला आरंभ केला होता आणि 19व्या वर्षी व्यावसायिक परवाना मिळवला होता. सिडनीच्या पश्चिमेकडील नव्या विमानतळाला तिचे नाव देण्यात आले आहे. या देशात लहान विमान ही निव्वळ श्रीमंतांची चैन मानली जात नाही, याचे कारण या इतिहासात आहे.

ब्रोकन हिलहून पुन्हा वायव्येला, फ्रोम सरोवराच्या पांढऱ्या मिठावरून आणि फ्लिंडर्स पर्वतरांगांवरून सुमारे 600 किलोमीटर गेले की विल्यम क्रीक लागते. एक उपाहारगृह, धावपट्टी, इंधनाचा पंप आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके रहिवासी. याच वाटेने 19व्या शतकात उंटांचे तांडे माल वाहत. त्या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत असले, तरी त्यांपैकी अनेक जण तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेले होते. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी या वाळवंटातला व्यापार त्यांच्या पाठबळावर चालला.

विल्यम क्रीकच्या पूर्वेला काटी थांडा–लेक आयर आहे. अरबाना या मूळ रहिवाशांची ही पवित्र भूमी. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 मीटर खाली असलेले हे देशातले सर्वांत सखल ठिकाण. बहुतेक वर्षे येथे केवळ मिठाचा थर असतो. शेकडो किलोमीटर दूर क्वीन्सलँडमध्ये मोठा पाऊस झाला, की ते पाणी डायमन्टिना आणि कूपर या नद्यांच्या पात्रांतून आठवडे, कधी महिने वाहत येथे पोहोचते. मग कोरड्या वाळवंटात पेलिकन पक्षी हजारोंनी येतात, घरटी करतात, पिले वाढवतात. जमिनीवरून या सरोवराचा आवाकाच कळत नाही. तो वरून कळतो. मिठाच्या पांढऱ्यावर गुलाबी, तपकिरी आणि निळ्या छटा, आणि त्यांतून झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले प्रवाह.

हे दृश्य जितके मोहक, तितकेच फसवे. वारा पडलेला असताना पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होतात आणि क्षितिज नाहीसे होते. आपण किती उंच आहोत, पंख सरळ आहेत की कललेले, हे डोळ्यांना सांगता येत नाही. पेलिकन उष्ण हवेच्या प्रवाहावर घिरट्या घेत खूप उंच जातात. त्यांच्या वाटेत येणे पक्ष्यालाही घातक आणि माणसालाही. म्हणून जाणता वैमानिक उंची राखतो, किनारा नजरेआड होऊ देत नाही आणि पाहण्याचे काम सोबत्यावर सोपवून स्वतः विमान चालवतो.

ढगात शिरण्याचा धोका याहून मोठा. 1954 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना ढगांसारख्या परिस्थितीत उडायला लावून पाहिले. विसांपैकी एकालाही विमान सावरता आले नाही. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी काळ होता 178 सेकंद. पुरती तीन मिनिटेही नाहीत. ऑस्ट्रेलियातील हौशी वैमानिकांना हा आकडा आजही सांगितला जातो.

तरीही माणसे ढगात शिरतात. त्यामागे अज्ञान क्वचितच असते. बहुधा ओढ असते. उद्या दुकान उघडायचे आहे, घरी वाट पाहत आहेत, इतके अंतर आलो आहोत, आता थोडेच उरले आहे. कधी ही ओढ परोपकाराचीही असते. देशात 2003 पासून ‘एंजल फ्लाइट’ नावाची संस्था आहे. तिच्यासाठी खाजगी परवान्याचे वैमानिक आपल्या विमानातून, वेळेचा मोबदला न घेता, दूरच्या गावांतील रुग्णांना शहरातल्या उपचारांसाठी नेतात. हे काम खरोखर मोठे आहे. पण 2011 आणि 2017 मध्ये या सेवेची दोन विमाने कोसळली आणि प्रत्येक वेळी तीन जीव गेले. एकदा काळोखी रात्र होती, एकदा धुके आणि खाली उतरलेले ढग. पुढे अशा उड्डाणांचे नियम अधिक कडक झाले. हेतूच्या शुद्धतेने धुके विरत नाही, हे त्या देशाने फार मोठी किंमत देऊन पुन्हा एकदा जाणले.

म्हणून विल्यम क्रीकच्या धावपट्टीवर सकाळी दिसणारे एक साधे दृश्य लक्षात राहण्यासारखे असते. दक्षिणेकडे ढग खाली आले आहेत. एक जोडपे विमानाजवळ उभे राहून बराच वेळ आकाशाकडे पाहते. बांधलेले तीन किलोंचे सामान पुन्हा सुटते, पंख दोरांनी जमिनीला बांधले जातात, घरी निरोप जातो: आज येत नाही. उपाहारगृहात चहा घेताना त्यांना कोणी हसत नाही; उलट शेजारच्या विमानाचा मालकही आपले दोर तपासू लागतो.

प्रत्येक वैमानिकाजवळ उड्डाणांची वही असते. तारीख, विमान, कुठून कुठे, किती तास, असे तिचे रकाने. पानाअखेर बेरीज करून ती पुढच्या पानावर ओढतात, अगदी व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी. त्या वहीत न केलेल्या उड्डाणासाठी रकाना नाही. पण वर्षानुवर्षे पाने भरत गेलेली एखादी जुनी वही टेमोराच्या घरात फळीवर दिसते, तेव्हा तिच्यातील प्रत्येक नोंदीच्या मागे कितीतरी अशा सकाळी असतात, ज्या दिवशी विमान हँगरमध्येच राहिले.