वीस लिटर

वसतिगृहाच्या यादीत गादी, उशी, कुलूप, ताट-वाटी आणि बादली-मग असं लिहिलं होतं. बाकीचं सगळं म्हसवडहून आलं. बादली एसटीच्या टपावर फुटेल म्हणून आबांनी ती कोल्हापुरातच, महाद्वार रोडवर घेतली. दुकानदार वीस लिटरची दाखवत होता. आबांनी बुडावर टिचकी मारली, कडी ओढून बघितली आणि विचारलं, "एवढी कशाला? एकटीच्याच आंगूळीला लागतीया नव्हं?" दुकानदार हसला. मला लाज वाटली, पण आबांची नाही, त्या निळ्या बादलीच्या आकाराची. आमच्या घरी एवढ्या पाण्यात दोघांच्या आंघोळी उरकायच्या आणि सांडपाणी शेवग्याच्या बुडाला जायचं.

म्हसवडचा माण तालुका पर्जन्यछायेतला. ढग महाबळेश्वराकडं मोकळे होतात, आमच्याकडं येतो तो नुसता वारा. वर्षाला पाचशे मिलिमीटरलाही मारामार. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं ते सातारा, सांगली आणि तेव्हाच्या सोलापूरच्या पोरांसाठीही, त्यामुळं पुढं शिकायचं तर आम्हाला कोल्हापूरच जवळचं. मी तिथं मराठीत एम. ए. करायला गेले ते नव्वदीच्या सुरुवातीला.

पहिल्या वर्षी काय जड गेलं असं कुणी विचारलं, की लोकांना मेसची आमटी, घरची आठवण, बुजरेपणा असलं काहीतरी ऐकायचं असतं. ते सगळं होतंच. संध्याकाळची हजेरी, सरांनी वर्गात अचानक "तुमचं मत काय?" असं विचारणं, 'बनगरवाडी' शिकवायला निघाली की दुष्काळाची जाणकार म्हणून माझ्याकडं वळणाऱ्या माना. (माडगूळकर आटपाडीकडचे, आणि बनगरवाडीतला दुष्काळ माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, पण हे कुणाला सांगायचं?) दिवाळीपर्यंत या सगळ्याची सवय झाली. पाण्याची मात्र होईना. नळ सोडला की पाणी यायचं आणि येतच राहायचं. माझा हात आपोआप तोटीकडं जायचा. अर्धी बादली भरली की मी नळ बंद करायची, आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या पोरी म्हणायच्या, "अगं, भर की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

आमच्या खोलीत आम्ही तिघी. वसतिगृहात नावं मागं पडतात, गावं चिकटतात. एक बार्शी, एक गगनबावडा आणि मी म्हसवड. बादल्यांवरही नेलपॉलिशनं हीच नावं रंगवलेली. बार्शीला रोज नळ न येण्याची सवय होती, म्हणून ती बाटल्या भरभरून कॉटखाली लपवायची. गगनबावड्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. तिकडची ही पोरगी नळ सोडून ठेवून निवांत दात घासायची. मी बंद करायची, ती पुन्हा सोडायची. पहिल्या महिन्यात आमच्यात यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरूनच झाली नाहीत. आणि तीच पोरगी रात्री रडायची. का, तर इथल्या स्लॅबवर पाऊस वाजत नाही. घरी कौलांवर वाजतो, त्याशिवाय तिला झोप येत नव्हती. पाऊस नाही म्हणून रडणारी माणसं मी पाहिली होती, पावसाच्या आवाजासाठी रडणारी ही पहिलीच.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं तेही त्यांनीच. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. मला त्या एकाच ओळीत वाचाव्याशा वाटतात. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मुलींच्या शाळा विहिरीच्या वाटेवरच सुटल्या होत्या.

हळूहळू माझी बादली काठोकाठ भरायला लागली. कधी ते कळलंही नाही. मे महिन्यात घरी गेले, तर आईनं न्हाणीघरात माझ्यासाठी अख्खी बादली भरून ठेवली होती. धाकट्या भावंडांना तांब्या-तांब्यानं पाणी, आणि मला पाहुण्यासारखी बादली. "तुला आता सवय ऱ्हायली नसंल," एवढंच ती म्हणाली. मी त्यातलं निम्मं पाणी रांजणात परत ओतलं. आईनं पाहिलं आणि तिला ते आवडलं नाही. तिच्या दृष्टीनं मुलगी शिकायला गेली याचा पुरावाच मी परत ओतला होता.

पुढं नोकरी, लग्न, संसार सगळं कोल्हापुरातच झालं. बादलीची कडी तुटली, मग तिच्यात तांदूळ राहिले, नंतर कुंड्यांची माती. रंग विटला. निळ्यावर 'म्हस' एवढंच उरलं.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडं पाणी, आणि आम्ही गल्लीच्या तोंडाला टँकरची वाट बघत बसलेलो! मला माझ्या हातांचं नवल वाटलं. रांग कशी धरायची, नळीचं तोंड कुठं पकडायचं, भरलेली बादली मांडीला न घासता कशी न्यायची, हे सगळं त्यांना पाठ होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला कसं काय जमतंय हो?"

पण टँकर दुसऱ्या दिवशी आलाच नाही. दुपारी गगनबावड्याचा फोन. तिकडचा रस्ता बंद झालेला, त्यामुळं ती घरातच अडकलेली. "म्हसवड, प्यायला आहे का?" मी म्हटलं, नाही. "आणि पाऊस?" म्हटलं, धो धो. ती फोनवरच ओरडली, "मग पागोळ्यांखाली बादली लाव की गं, बावळट!"

वरून पडणारं पाणी धरून ठेवायचं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडं पाणी खालून काढायचं असतं. मी जुन्या बादलीतली माती उपसली, ती राखेनं घासली आणि गच्चीच्या पाइपाखाली ठेवली. पहिलं पाणी सोडून दिलं, मग धरलं, गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं. संध्याकाळी वहिनी दोन कळशा घेऊन आल्या. त्यांच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे काका पातेलं घेऊन आले आणि विचारायला लागले, तुरटी किती वेळ फिरवायची.