पहिल्या क्रमांकाची रिकामी ओळ

आपल्या समाजात वर्ष एकदाच संपत नाही. दीपावलीला वहीपूजन होते आणि प्रभू महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण करीत वीर निर्वाण संवत् पालटते. 31 मार्चला सरकारी हिशेब मिटतो. संवत्सरीला मनाचा हिशेब मांडून आपण एकमेकांची क्षमा मागतो. या साऱ्यांत 31 डिसेंबर तसा परकाच. तरीही कसबा पेठेतील आमच्या घरी त्या रात्री लाल कापडी बांधणीची एक वही उघडली जाते. पहिल्या पानावर ‘श्री’ आहे, ‘शुभ’ आहे, ‘लाभ’ आहे. मात्र आत रुपये-आणे नाहीत. वर्षभरात घराला आवडलेल्या गाण्यांची ती क्रमवारी आहे.

ही वही माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी सुरू केली. तिची प्रेरणा अर्थातच ‘बिनाका गीतमाला’! 1952 साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. रसिकांनी काटा कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे वळविला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेथून अमीन सायानी यांचा हा कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी सात गाणी ऐकवून श्रोत्यांनाच त्यांचा क्रम लावण्यास सांगितले जाई. पहिल्याच कार्यक्रमाला 9 हजार पत्रे आली! पुढे तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची मते पाहून क्रमवारी ठरू लागली. वर्षअखेरीस साऱ्या वर्षाची उतरंड लागे आणि अग्रस्थानच्या ‘सरताज’ गीतासाठी बिगुल वाजे.

सायानी यांची भाषा इतकी सोपी कशी, याचे उत्तर त्यांच्या घरात होते. त्यांच्या मातुश्री कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत काढीत. लहानपणी अमीन त्यांना त्या कामी मदत करीत. व्यापाऱ्याच्या पेढीवरील मुनीमजींपासून तांबट आळीत घण घालणाऱ्या कारागिरापर्यंत सर्वांना ती हिंदुस्थानी आपली वाटे.

बुधवारी रात्री आठची वेळ आमच्यासारख्या घरांना सोयीची होती. चौविहारामुळे जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपलेली असत. प्रतिक्रमण झाले की स्वयंपाकघरात काही काम उरत नसे. बाबूजी भांड्यांच्या दुकानातून येत आणि वहीत क्रमांक टिपून घेत. लवकरच त्यांनी घराची स्वतंत्र यादी सुरू केली. तिचे नियम चार. गाणे नवे असो वा जुने, त्या वर्षी ते घरातल्यांनी एकत्र ऐकलेले असावे. यादी साऱ्या घराची एकच असावी. वाचन शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे व्हावे. आणि चौथा नियम सर्वांत कठीण: पहिला क्रमांक एकमतानेच ठरावा, एकमत न झाल्यास ती ओळ रिकामी सोडावी.

बाबूजींच्या हयातीत ती ओळ कधीच रिकामी राहिली नाही. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली. मध्यंतरी दुकानाची वाटणी झाली. जेठजी खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या; चुली दोन झाल्या. वाटणीच्या कागदात गुदामे, येणी-देणी, दुकानाचे नाव, सारे काही होते. गाण्यांची वही मात्र कोणीच लिहून घेतली नाही. ती माँजींच्या कपाटात राहिली. संवत्सरीला दोघे भाऊ हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत. परंतु त्यापुढे बोलणे सरकत नसे. त्या दोन्ही वर्षअखेरींना मुलांनी यादी केली, नऊ गाणी भरली. पहिल्या क्रमांकापुढे दोन्ही वर्षे काही लिहिले गेले नाही.

यंदाच्या यादीतील शेवटची पाच गाणी त्याच उलट्या क्रमाने सांगते.

पाचवे ‘सैराट’मधील ‘झिंगाट’. पुतण्याच्या लग्नात अजय-अतुल यांच्या या ठेक्यावर तिन्ही पिढ्या नाचल्या. दोन्ही मजल्यांवरची माणसे अनेक दिवसांनी एकाच मांडवात होती.

चौथे 1967 च्या ‘मिलन’ चित्रपटातील श्रावणाचे गीत. लता मंगेशकर आणि मुकेश यांचे हे द्वंद्वगीत त्या वर्षी गीतमालेत अव्वल ठरले होते. वहीतील त्या पानावर बाबूजींच्या अक्षरातही तेच पहिले आहे.

तिसऱ्या क्रमांकावर वाद झाला. 1966 चे सरताज गीत ‘सूरज’ चित्रपटातील, शंकर-जयकिशन यांच्या संगीतातील आणि मोहम्मद रफींच्या स्वरातील. आमच्या महिला मंडळाने पर्युषणात त्याच चालीवर एक स्तवन म्हटले. जेठजींचा आक्षेप असा, की ओठी प्रभूचे नाव आणि मनात चित्रपट, ही कसली भक्ती? आक्षेप रास्त आहे. परंतु आपली परंपरा पाहिली तर वेगळेही चित्र दिसते. मध्ययुगातील जैन कवी रास आणि स्तवने रचताना ढाळेच्या आरंभी ‘देशी’ नोंदवीत. म्हणजे ती कोणत्या लोकप्रिय गीताच्या चालीवर म्हणावी, हे त्या गीताचे आरंभीचे शब्द देऊन सांगत. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथमालेत अशा देशींची मोठी सूची दिली आहे. कित्येक लोकगीते काळाच्या ओघात लुप्त झाली. त्यांच्या पहिल्या ओळी उरल्या त्या आपल्या कवींच्या या नोंदींमुळे. त्या काळच्या आवडत्या गाण्यांची यादी आपल्या ग्रंथभांडारांनी अशी नकळत जपली आहे. जेठजींनी हे ऐकून घेतले आणि “स्तवनाला नको, पण गाण्याला तिसरा क्रमांक द्या,” असे म्हणाले. या विषयावर का होईना, दोघे भाऊ अर्धा तास बोलले.

दुसरे ‘जैत रे जैत’मधील, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत लाभलेले. 1977 चा हा चित्रपट ठाकर समाजातील मध काढणाऱ्यांचा. माँजींना मधाचा आजन्म त्याग आहे. तरी या गाण्यांचा त्याग त्यांना कधी जमला नाही, हे त्या स्वतःच हसून सांगतात.

आणि पहिले? काचबिंदूने माँजींची दृष्टी यंदा जवळपास गेली. दुपारी त्या ऐकत बसतात. एके दिवशी त्यांनी ‘अँखियों के झरोखों से’ या 1978 च्या चित्रपटाचे शीर्षकगीत लावावयास सांगितले. हेमलता यांनी गायिलेल्या या गीताचे शब्द आणि संगीत दोन्ही रवींद्र जैन यांचे. अलिगढच्या जैन कुटुंबात जन्मलेले, जन्मतः दृष्टिहीन असलेले हे कलावंत! माँजी म्हणाल्या, “ज्याने डोळ्यांनी कधी पाहिले नाही, त्याने डोळ्यांवर असे लिहिले. मग मी का रडू?” वर्षअखेरीला हे नाव निघाले तेव्हा कोणी दुसरे सुचविले नाही. जेठजींनी वही पुढे ओढली, माझ्या यजमानांनी पेन दिले. तिसऱ्या वर्षी ती ओळ भरली.

वाटणीचा प्रश्न त्यामुळे मिटला असे मी म्हणणार नाही; दुकानाच्या नावाचा विषय अजून बाकी आहे. पण आता तो मांडण्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

आपल्या शास्त्रात ‘राग’ म्हणजे आसक्ती, संगीतात ‘राग’ म्हणजे स्वरांची रचना. श्रावक-श्राविका असून गाण्यांचा एवढा राग धरावा का, असे कोणी विचारील. मला वाटते, आपली आसक्ती कोठे आहे हे वर्षातून एकदा लिहून पाहणे, हाही आलोचनेचाच एक लहान पाठ आहे. आणि गाण्यांवरचा राग चार माणसांना एका खोलीत बसवीत असेल, तर तो मनातल्या द्वेषाची जागा तरी कमी करतो. वाचकहो, आपल्या घरीही अशी एक वही करून पाहावी. नियम आपले आपण ठरवावेत. चौथा मात्र तसाच ठेवावा, ही विनंती.